इंजिनचं काम झालं अन् डिझेल गाडीचा पिकअपच गेला? या चुका टाळा

गाडी गॅरेजमधून घरी आली, आवाज मस्त, हिटिंग बंद, बिल पण देऊन झालं, अन् वर्धा रोडवर ट्रक ओव्हरटेक करायला पाय दाबला तर गाडी उठतच नाही. मिस्त्रीला फोन केला की तो म्हणतो "नवीन काम आहे भाऊ, हजार किलोमीटर चालवा, मोकळी होईल". मित्राला विचारलं की तो म्हणतो टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला असंन. शेजारचे काका इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल) सांगतात. अन् आठवड्याभरात माणूस टर्बोचं कोटेशन घेऊन बसलेला असतो, जेव्हा की टर्बोला काहीच झालेलं नसतं.

कामाआधी गाडी नीट ओढत होती अन् कामानंतर ओढत नाही, तर जिथं जिथं हात लागला तिथं आधी बघा. चांगला चालणारा टर्बो गाडी जॅकवर उभी असताना आपोआप मरत नाही. पण काम करताना काढलेला पाइप परत बसवायचा राहतो, कनेक्टर अर्धा बसतो, दोन नळ्या अदलाबदल होतात, हे रोज होते.

म्हणून सगळ्यात पहिली चूक म्हणजे काय काय खोललं होतं हेच न विचारणं. बिलावर "हेड वर्क" एवढंच लिहिलेलं असते, पण हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढायचं तर इनटेक (हवा आत जायचा मार्ग), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर, डिझेलच्या लाइनी, टायमिंग, व्हॅक्यूम पंप, अर्ध्याअधिक वायरिंग, सगळं बाजूला होते. मिस्त्रीसमोर बसा, भांडू नका, चहा सांगा, अन् एकेक विचारा, हे काढलं होतं का, ते काढलं होतं का, वॉशर नवीन टाकलं का जुनंच. याची यादी हातात आली की निम्मं काम झालं समजा.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारा, पिकअप खरंच कामानंतर गेला का आधीपासूनच कमी होता? नागपूर एवढं सपाट आहे की गाडीची ताकद वीस टक्के गेली तरी धरमपेठ ते मेडिकल चौक कळत नाही, ते कळते चिखलदऱ्याच्या घाटात. आधीपासून कमी असंन तर तपास वेगळा, कारण मग दोष जुना आहे अन् मिस्त्रीला त्याच्यासाठी शिव्या देऊन फायदा नाही.

"मोकळी होईल" वर विसंबणं

हे अर्धं खरं आहे म्हणूनच फसवते. नवीन रिंगा-पिस्टन टाकले तर इंजिन सुरुवातीला थोडं जड चालते, ॲव्हरेज पण थोडं कमी देते, ते मान्य. पण तो जडपणा सगळ्या आरपीएमला सारखा असतो. गाडी अडीच हजारापर्यंत ठीक जाते अन् मग भिंतीला टेकल्यासारखी थांबते, किंवा चेक इंजिन लाइट लागते, किंवा मागून काळा धूर निघते, तर ते रनिंग-इन नाही, ते हजार किलोमीटरनंतर पण तसंच राहीन, उलट काजळी भरून आणखी बिघडंन. अन् फक्त हेडचं काम असंन, रिंगा टाकल्याच नसतीन, तर मोकळं व्हायला आहेच काय त्यात.

चावी बंद-चालू करून न बघणं

फुकटची टेस्ट आहे अन् कोणीच करत नाही. गाडी दमली की सेफ जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू करा. पिकअप लगेच परत आला अन् थोड्या वेळाने पुन्हा गेला, तर गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) काहीतरी खटकलं अन् त्यानेच डिझेल कमी केलं. बऱ्याच गाड्या अशा वेळी तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही. कॉम्प्रेशन कमी असंन, टायमिंग एक दात चुकलं असंन, तर ते चावी फिरवल्याने बरं होत नाही. म्हणजे एवढ्या एका गोष्टीवरून तुम्ही इंजिन परत खोलायचं का सेंसर-पाइप बघायचे ते ठरवू शकता.

आता धुराचं. पाय दाबल्यावर काळा धूर म्हणजे डिझेल येऊन राहिलं पण हवा कमी पडते. धूर अजिबात नाही अन् ताकद पण नाही, तर डिझेलच कमी पडते किंवा ईसीयू देत नाही. पांढरा धूर अन् नाकाला झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास, तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा खराब इंजेक्टर. पांढरा पण गोडसर वासाचा, अन् कूलंट कमी होते, तर गास्किट (हेडखालचं पॅकिंग) परत गेलं, तिथं बाकीचं काही बघत बसू नका, गाडी बंद करा. निळसर म्हणजे ऑइल.

इंटरकूलरचा पाइप वरून बघून "ठीक आहे" म्हणणं

इथं जरा थांबतो, कारण कामानंतर पिकअप गेल्याच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त हेच सापडते.

टर्बो हवा दाबतो, ती रबरी पाइपातून इंटरकूलरला जाते, थंड होऊन परत इंजिनमध्ये येते. पाय पूर्ण दाबला की या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. पाइप कुठं चिरला किंवा क्लिप सरकली तर आयडलला काहीच कळत नाही, बॉनेट उघडून उभ्या गाडीला कितीही रेस मारा, लोड नाही म्हणून बूस्ट (टर्बोचा दाब) पण नीट तयार होत नाही. रोडवर लोड आला की मात्र चिरलेली जागा उघडते अन् हवा बाहेर. ईसीयू बघतो की हवा कमी, मग एकतर डिझेल कापतो नाहीतर काळा धूर.

एक डिझायर होती, हेडचं काम झालेली, मालक टर्बो बदलायच्या तयारीनेच आला. वरचे पाइप एकदम चकाचक. बंपरच्या खाली आडवं पडून टॉर्च मारला तर इंटरकूलरच्या खालच्या तोंडावर ऑइलचा ओला पट्टा अन् त्याच्यावर धूळ चिकटून काळा लेप झालेला, बाजूचं बाकी सगळं कोरडं. क्लिप होती, आवळलेली पण होती, पण पाइपाच्या कडेवर बसली होती, तोंडाच्या उंचवट्याच्या मागे नाही. हाताने ओढला तर पाइप निघून हातात आला. स्क्रू ड्रायव्हर लागला फक्त.

तर ऑइलचा ओला डाग शोधा. थोडं ऑइल टर्बोतून पाइपात येतच असते, त्यामुळे हवा जिथून निसटते तिथंच ते बाहेर फवारलं जाते. पाइपाची खालची बाजू अन् वळणाची आतली बाजू बोटाने चाचपा, दाबून वाकवा, चीर तेव्हाच उघडते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत तापून तापून रबर कडक झालेलं असते, काम करताना पिळून काढलं की तिथंच जाते. खात्री करायची तर पाइपाच्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरने एक बारपेक्षा कमीच हवा भरायची अन् साबणाचं पाणी मारायचं, पंक्चरवाला बघतो तसं. टायरच्या मशीनने सरळ हवा सोडू नका, टर्बोचे ऑइल सील खराब होतीन.

अन् हो, इनटेकच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून मिस्त्री कापड कोंबतात, चांगली सवय आहे, फक्त ते कापड परत काढायचं असते! हसू नका, एअर फिल्टरच्या पाइपातून फडकं निघताना पाहिलं आहे.

व्हॅक्यूमच्या नळ्या

बोटाएवढ्या पण नाही, बारीक काळ्या नळ्या असतात, टर्बोच्या ॲक्च्युएटरला (रॉड हलवणाऱ्या डब्याला) एक, बऱ्याच गाड्यांत ईजीआरला एक. दोघींचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) सारखेच दिसतात अन् शेजारी शेजारी असतात. अदलाबदल झाली की ईजीआर उघडायचा तेव्हा टर्बोची पाती हलते अन् उलटं. कोड कधी येते कधी येत नाही. नळीचं डायग्राम बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर असंन तर त्याच्याशी जुळवा, नाहीतर तशीच दुसरी गाडी उभी करून फोटो काढा.

ब्रेक पेडल पण थोडं कडक झालं का ते बघा. टर्बोचा व्हॅक्यूम अन् ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एकाच पंपातून येते. दोन्ही एकदम कमजोर वाटत असतीन तर पंप किंवा मेन नळी, अन् मग आधी ब्रेक दुरुस्त करा, पिकअप नंतर.

मदतनीसाला गाडी चालू करायला सांगा अन् टर्बोचा रॉड बघा. व्हॅक्यूमवाल्या व्हीजीटी (हलत्या पात्यांच्या) टर्बोचा रॉड चालू करताच ओढला जातो, बंद केली की परत येतो. पण ७५ पीएसवाल्या स्विफ्ट-डिझायरमध्ये साधा टर्बो आहे, तिथं रॉड आयडलला हलतच नाही, म्हणून "रॉड जाम आहे" असं कोणी सांगितलं तर आधी कोणता टर्बो आहे ते विचारा. राजेहो, यावरून चांगले टर्बो बदललेले आहेत लोकांनी.

स्कॅनर लावून फक्त कोड पुसणं

कोड पुसायच्या आधी लिहून घ्या, फोटो काढा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी००८७ म्हणजे रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारा दाबाचा पाइप) प्रेशर कमी, पी०१०१ एअर फ्लो सेंसर, पी००१६ म्हणजे क्रँक अन् कॅमचा ताळमेळ नाही. पण पी०२९९ आला म्हणजे टर्बो गेला असं नाही ना, तो फक्त सांगतो की मागितला तेवढा दाब मिळाला नाही, का ते तुम्ही शोधायचं.

खरी मजा लाइव्ह डेटात आहे. चावी ऑन, इंजिन बंद, मॅप सेंसर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) काय दाखवतो? नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ९६ ते ९८ किलोपास्कल दिसायला पाहिजे. ८० किंवा १२० दाखवत असंन तर सेंसरच काजळीने भरला किंवा वायर गडबड. मग बुटीबोरीकडे किंवा आऊटर रिंग रोडला मोकळ्या जागी, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा, अन् बाजूला बसलेल्याने रेकॉर्डिंग करायचं, चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. मागितलेला बूस्ट अन् मिळालेला बूस्ट, मागितलं रेल प्रेशर अन् मिळालेलं, या चार लाइनी. टर्बो डिझेल फुल लोडला (बाहेरच्या हवेचा दाब धरून) बहुतेक २०० किलोपास्कलच्या वर जाते. रेल प्रेशर आयडलला साधारण २५० ते ३५० बार, फुल लोडला बीएस४ गाड्यांत १४०० ते १६००. स्वस्त डोंगल (फोनला जोडायचे छोटे स्कॅनर) हेच किलोपास्कलमध्ये दाखवतात, ३०,००० दिसलं तर घाबरू नका, ते ३०० बारच आहे.

बूस्ट जुळते अन् रेल पडते, तर डिझेलकडे जा. रेल जुळते अन् बूस्ट पडते, तर हवेकडे. दोन्ही जुळते तरी गाडी ओढत नाही, तर टायमिंग, कॉम्प्रेशन, इंजेक्टर, एक्झॉस्ट.

डिझेलच्या बाजूच्या चुका

फिल्टर खोलला होता तर ओ-रिंग जुनीच बसवली का, बॅन्जोचे (डिझेल लाइनीच्या भोकवाल्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुनेच का. गंमत म्हणजे टाकीकडून डिझेल ओढणाऱ्या लाइनीतून गळत नाही, ती हवा ओढते, त्यामुळे खाली डाग पडत नाही अन् कोणाला संशय येत नाही. पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे बघा.

इंजेक्टर काढताना नंबर टाकले नाही तर चार सिलेंडरचे चार इंजेक्टर कुठेही बसतात. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो अन् तो ईसीयूमध्ये त्याच सिलेंडरला टाकलेला पाहिजे. अदलाबदल झाली तर गाडी चालते, पण थरथरते, धूर करते, दम नसतो. इंजेक्टरच्या खालचं वॉशर जुनं असंन किंवा जुन्यावर नवीन बसवलं असंन तर बुडाशी फुसफुस आवाज अन् काळं डांबर जमते.

अन् एक गोष्ट कडक शब्दात. इंजिन चालू असताना रेलचा पाइप ढिला करून "कोणता सिलेंडर मारत नाही" बघायची जुनी पद्धत कॉमन रेलला अजिबात नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जाते, हात कापायची वेळ येते. हाताने लिकेज चाचपू नका, कार्डबोर्ड वापरा, त्यापेक्षा रिटर्न टेस्ट करा, चार बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त परत फेकते ते बघा.

टायमिंग अन् गास्किटची जाडी

१.३ मल्टीजेटसारख्या इंजिनात टायमिंग लॉकिंग पिना लावूनच बसवायचं असते. "मी व्हाइटनरची खूण केली होती" असं उत्तर आलं की यादीत टायमिंगला पेन्सिलने गोल करून ठेवा. हेड लेथवर घासलं असंन तर गास्किट कोणत्या जाडीचं टाकलं ते विचारा. डिझेलची गास्किटं वेगवेगळ्या जाडीत येतात, कडेला खाचा नाहीतर भोकं असतात त्यावरून ओळखू येते, अन् पिस्टन ब्लॉकच्या वर किती येते ते मोजून ती निवडायची असते. जाड पडली की कॉम्प्रेशन कमी, सकाळी उशिरा स्टार्ट, दम कमी. कॉम्प्रेशन डिझेलच्या गेजनेच घ्या, पेट्रोलचं गेज एवढा दाब सहन करत नाही.

बीएस६ गाडी असंन तर डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी धरणारी गाळणी) विसरू नका. जुनं इंजिन ऑइल खात होतं किंवा गास्किट फुटून कूलंट एक्झॉस्टमध्ये जात होतं, तर तो सगळा गाळ डीपीएफ-कॅटॅलिस्टमध्ये बसला आहे, इंजिन नवीन झालं पण नाक बंदच. काजळीची टक्केवारी स्कॅनरवर बघा. काजळी रिजनरेशनने (गाळणी तापवून) जळते, ऑइलची राख जळत नाही. अन् कामानंतर ऑइल कोणतं भरलं तेही बघा, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं, कंपनीने मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच लागते.

आरपीएम वाढते पण स्पीड वाढत नाही, तर इंजिनला दोष देऊ नका, क्लच सरकून राहिला, गिअरबॉक्स उतरवताना प्लेटला ऑइल लागलं असंन. दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही चाकाजवळ हात नेऊन बघा, एकच चाक भट्टीसारखं तापलं असंन तर ब्रेक धरलेला आहे.

एवढं सगळं बघून झाल्यावरच टर्बोचा पाइप काढून शाफ्ट हलवायचा. थोडा आडवा खेळ असतोच, पण मागे-पुढे हलत असंन किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतीन तर मग खुशाल टर्बोवाल्याकडे जा, अन् जाताना रोडवर केलेलं रेकॉर्डिंग अन् कोडचा फोटो सोबत ठेवा, दुकानदाराला अंदाजाने बोलायला जागा राहत नाही.