ऐन गणपती-नवरात्रात सिस्टीम अपग्रेड? रेकॉर्डिंगवाल्यांनो, या चुका टाळा

बडोद्यात गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांचा हंगाम ठरलेला असतो. श्रावणात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मंडळांच्या आरत्या आणि भक्तिगीतं, ती हातावेगळी होतात न होतात तोच गरब्याचे ट्रॅक, आणि पाठोपाठ दिवाळी पहाटेची तयारी. नेमक्या याच दिवसांत ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट आपापल्या सिस्टीमच्या नव्या आवृत्त्या आणतात. २०२४ साली मॅकओएस सिक्वोया आलं १६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. विंडोज ११ची २४एच२ नावाची आवृत्ती आली १ ऑक्टोबरला, घटस्थापनेला दोन दिवस असताना. २०२५ मध्ये मॅकओएस टाहो घटस्थापनेच्या आठवडाभर आधी आलं आणि विंडोजची २५एच२ तर थेट अष्टमीला, ३० सप्टेंबरला.

आपल्यापैकी बहुतेकांकडे कामाचं मशिन एकच असतं. म्हणून माझं ठाम मत आहे: अपग्रेडचा मुहूर्त कंपनीने काढायचा नाही, तो आपल्या पंचांगाने निघाला पाहिजे. दिवाळी उरकल्यावर, शक्यतो मार्चनंतर. तोपर्यंत त्या आवृत्तीच्या दोन-तीन दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतात. २४एच२ने डिराक ऑडिओ हे आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर असलेल्या काही लॅपटॉपवर आवाजच बंद पाडला होता, आणि डिसेंबरात मायक्रोसॉफ्टला त्या मशिनांपुरतं अपग्रेड थांबवून ठेवावं लागलं. नवरात्रात घाई केलेल्याने त्या काळात काय करायचं?

विंडोज ११ मध्ये अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतात. हिशेब नीट करा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी ते दसरा ३६ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे चतुर्थीला थांबवलेल्या अपडेटची मुदत दसऱ्याच्या आदल्या दिवशीच संपत होती. आधी छोट्या सुरक्षा-अपडेट उरकून घ्या, मशिन रीस्टार्ट करून तपासा आणि मगच थांबवा.

विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी जुनं मशिन चांगलं चालतंय, फक्त रेकॉर्डिंगपुरतं ठेवायचंय, तर खुशाल ठेवा, पण मग त्याचं इंटरनेट तोडा. आणि तोडण्याआधी कुठले प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट वा वाद्यांचे छोटे प्रोग्रॅम) लायसन्ससाठी अधूनमधून इंटरनेट मागतात ते पाहून घ्या.

सॉफ्टवेअर चालतंय एवढंच पाहणं

नव्या सिस्टीमवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की लोक निश्चिंत होतात. काम अडतं ते दुसरीकडेच. आधी इंटरफेसचा (माइक मशिनला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम पाहा, मग प्लगइन, मग लायसन्स. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, कारण त्याची नवी आवृत्ती बहुधा मिळतेच. दहा वर्षांपूर्वीच्या इंटरफेसला नवा ड्रायव्हर मिळेलच असं नाही.

२०१९च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्लगइन एका फटक्यात बंद केले. टाहोने फायरवायर ही जुनी जोडणी काढून टाकली, त्यामुळे सेकंडहँड घेतलेले जुने फायरवायर इंटरफेस त्यावर चालत नाहीत. आवाज उत्तम असला तरी. क्युबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्याचं यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची छोटी काडी, आठवत असेल. त्यामागची ई-लायसेन्सर ही लायसन्सची सेवा २० मे २०२५ ला बंद झाली. लायसन्स वेळेत नव्या पद्धतीवर आणलं नसेल, तर नव्या मशिनवर जुनं क्युबेस उभं करायचा रस्ता खुंटला.

विंडोजवर आणखी एक गोष्ट होते. अपग्रेडनंतर इंटरफेस दिसतो, आवाजही येतो, पण सॉफ्टवेअरच्या यादीतून त्याचा आसिओ (कमी उशिराने रेकॉर्डिंग करू देणारा) ड्रायव्हर गायब असतो, कारण विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर लावलेला असतो. तेव्हा सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर नव्याने टाका.

“याचा आवाज जास्त गोड आहे”

सॉफ्टवेअर निवडताना ही चूक जाणती माणसंही करतात. एकच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्या, कुठलाही प्लगइन न लावता, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) शून्यावर ठेवून बाहेर काढा. मग दोन्ही फाइली एका प्रोजेक्टमध्ये तंतोतंत जुळवून लावा आणि एकीची फेज उलटी करा, म्हणजे तिची ध्वनिलहर वरची खाली होईल. दोन्ही सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि काहीच ऐकू येत नाही. व्यवस्थित केलं तर बहुतेक वेळा असंच होतं. काही उरलंच तर आधी पॅन लॉ तपासा: मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक एक सॉफ्टवेअर ३ डेसिबल कमी करतं, दुसरं करत नाही, आणि जरा मोठा आवाज कानाला नेहमीच गोड वाटतो.

तेव्हा निवड करायची ती कामाच्या सोयीवरून. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे. मात्र कंपनीने दिलेलं नमुन्याचं गाणं उघडून कुठल्याच सॉफ्टवेअरची परीक्षा करू नका. आपलं जुनं, अडचणीचं काम घ्या: तबल्याला दोन माइक, पेटी, गळा, आणि लय हळूहळू वाढत जाणारा ख्याल. या गावात १८८६ पासून संगीतशाळा आहे, शिकणाऱ्यांची घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांचं गाणं ठराविक टेम्पोच्या चौकटीत बसत नाही. क्लिक (टेम्पोचे ठोके) बंद ठेवून सलग पाऊण तासाचा टेक घेता येतो का, समेवर खूण करून दोन टेक जोडता येतात का, हे पाहा.

तानपुऱ्याची चाचणी

मशिन पास की नापास हे ठरवायला तानपुऱ्यासारखं साधन नाही. गरब्याच्या ढोलात एखादी बारीक ‘टक्’ लपून जाते, तानपुऱ्याच्या सलग नादात ती लगेच उघडी पडते. सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि बफर (आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवणारा कप्पा) २५६ नमुन्यांचा ठेवा आणि माइक लावून अर्धा तास तानपुरा रेकॉर्ड करा. ही चाचणी अपग्रेडच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आधीची फाइल नसेल तर दोष नव्या सिस्टीमचा की पूर्वीचाच, हे कळणार कसं?

चाचणी खऱ्या परिस्थितीत घ्या. टेक घेताना आपण पंखा आणि एसी बंद करतो, खिडक्या लावून घेतो. वैशाखात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि वीस मिनिटं सुरळीत चाललेलं रेकॉर्डिंग मग फुटायला लागतं. दोन मिनिटांच्या चाचणीत हे दिसतच नाही.

टक्-टक् आलीच तर आधी वाय-फाय बंद करून पुन्हा घ्या. थांबली, तर दोष नेटवर्कच्या ड्रायव्हरचा. नाही थांबली, तर इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, चार्जर जोडा, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवतं. बफर वाढवणं हा शेवटचा उपाय. २५६च्या बफरला साधारण ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ला २१.३, आणि तेही जाताना-येताना दोन्हीकडे. हेडफोनमध्ये स्वतःची थाप इतकी उशिरा आली तर तबलजी समेवर येणार कसा? बफर वाढवावाच लागला तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आवाज मशिनमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येईल.

सूर चढला, तानपुरा गायब

अपग्रेडनंतर जुनं गाणं उघडलं आणि काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्याही वर ऐकू येतंय? गाणाऱ्याला दोष देऊ नका. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल मशिन ४८ने वाजवतंय. सूर जवळपास पेटीच्या दीड पट्ट्यांएवढा चढतो आणि तासाभराची बैठक पंचावन्न मिनिटांत संपते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, इंटरफेसच्या पॅनेलवर आणि प्रोजेक्टमध्ये असा तिन्हीकडे एकच सँपल रेट लावा.

मीटर अजिबात हलत नसेल तर केबल बदलण्याआधी प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला माइकची परवानगी आहे का ते बघा. मॅकवर ही परवानगी २०१८च्या मोहावेपासून लागते.

आणि गळा स्वच्छ येतोय पण मागचा तानपुरा विरत जातोय, मध्येच बुडतोय, असं झालं तर ते नॉइज सप्रेशनचं काम. ही सोय एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा असं समजून दाबते, आणि तिच्या लेखी तानपुरा आणि पंखा एकच. विंडोजमध्ये माइकचे ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ऑडिओ ॲप असेल तर त्यातही पाहा. मॅकवर माइक मोड ‘व्हॉइस आयसोलेशन’वरून ‘स्टँडर्ड’वर आणा.

प्रोजेक्ट डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ठेवू नका. अपग्रेडनंतर वनड्राइव्ह किंवा आयक्लाउड तो फोल्डर ताब्यात घेऊ शकतं, आणि ऐन वेळी फाइल मशिनवर नसून ढगात असते. प्रोजेक्टसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवा.

परतीची वाट

विंडोज ११ वर गेल्यावर मागे फिरायला दहा दिवस मिळतात. नंतर ते बटणच जातं. तेव्हा तानपुऱ्याची चाचणी पहिल्या दोन दिवसांतच उरका, आणि तोवर डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नका. मॅकवर असं बटण नाही. जुनी सिस्टीम हवी तर डिस्क पुसून पुन्हा टाकावी लागते. म्हणून नवं मॅकओएस आधी बाहेरच्या एसएसडीवर टाकून त्यावरून मशिन सुरू करा, आणि पटलं तरच आतल्या डिस्कला हात लावा.

त्याआधी चालू कामांचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, प्लगइनसह एकदा आणि प्लगइनविना एकदा. सँपल रेट, टेम्पो आणि गाणं कुठल्या पट्टीत आहे ते फोल्डरच्या नावातच लिहा.