वाचनातील पुराव्यांतून प्रबंधाचा युक्तिवाद कसा उभारावा

गोवा विद्यापीठात किंवा राज्यातील एखाद्या महाविद्यालयात पदव्युत्तर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे वाचन सहसा कमी पडत नाही. कमी पडतो तो वाचलेल्या मजकुराच्या आधारे स्वतःचे म्हणणे मांडण्याचा भाग. एका लेखकाचे मत, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे अशी मांडणी करून प्रकरण पुरे होते आणि मौखिक परीक्षेत परीक्षक विचारतात की यात तुमचे म्हणणे कोणते. त्या प्रश्नाची तयारी टिपणे काढतानाच करावी लागते.

उदाहरणादाखल, गोव्यातील खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतील शेतीच्या, बांधांची देखभाल का ढासळली, हा विषय घेऊ. भरतीचे खारे पाणी अडवणारे बांध आणि त्या पाण्याची ये-जा राखणारी मानस (बांधातील झडपेचे दार) यांची व्यवस्था पूर्वी मुख्यतः कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या मूळ रहिवाशांच्या (गांवकारांच्या) सामूहिक जमीनसंस्थेच्या, देखरेखीखाली चालत असे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनंतर कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला आणि देखभालीचे काम कूळ संघटनांकडे आले.

प्रथम, प्रत्येक टिपणात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: स्रोत काय सांगतो, तो कोणाच्या बाजूने आणि कशासाठी बोलतो, आणि आपल्या प्रश्नाला त्यातून काय मिळते. पहिली गोष्ट पृष्ठक्रमांकासह लगेच नोंदवावी, कारण नंतर तो शोधण्यात दिवस जातात. दुसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते प्रबंध तिथेच दुबळा होतो. कोमुनिदादीचे दप्तर गांवकारांच्या संस्थेचे असल्याने त्यात जमाखर्च मिळेल, पण बांधावर चिखल चढवणाऱ्या मजुराचे म्हणणे फारसे मिळणार नाही. कायद्याचे कलम काय व्हावे ते सांगते. प्रत्यक्षात काय झाले, याचा पुरावा म्हणून ते चालत नाही. वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत गावातील व्यवहार उलगडून दाखवते, मात्र तिच्यातील वर्षे दुसऱ्या आधाराशी ताडून घ्यावी लागतात.

त्यानंतर टिपणे लेखकांच्या नावांनुसार न लावता प्रश्नांनुसार लावावीत. समजा, एक लेख सारा दोष कूळ कायद्याला देतो, मुलाखतींतून मानशीवरील मासेमारीच्या पावणीचे (लिलावाचे) उत्पन्न पुढे येते आणि एखादा अहवाल शेतीतून बाहेर पडलेल्या तरुणांकडे बोट दाखवतो. अशा वेळी एकाची बाजू घेण्याची घाई करू नये. हे तिघे एकाच काळाबद्दल आणि एकाच तालुक्याबद्दल बोलत आहेत का, हे आधी पाहावे. पुष्कळदा मतभेद केवळ काळाचा किंवा जागेचा असतो, आणि तसे दाखवून देणे हेच प्रबंधाचे योगदान ठरू शकते.

मतभेद खरा निघाला, तर त्यातून दावा घडवावा. ‘कूळ कायद्यामुळे खाजने बुडाली’ हे विधान एका गावाच्या अभ्यासाला पेलणारे नाही, आणि ‘याला अनेक कारणे आहेत’ हे विधान कोणीच खोडणार नाही, म्हणून निरुपयोगी आहे. ‘अभ्यासलेल्या गावात पावणीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च यांची सांगड तुटल्यामुळे देखभाल ढासळली’ हा दावा मात्र खोडता येतो. शिवाय कोणते हिशेब शोधायचे, हेही तो सांगतो.

आता परिच्छेद लिहावा. आधी दाव्याचा एक भाग, मग पुरावा, आणि त्यानंतर त्या पुराव्याने दावा का टिकतो हे सांगणारी दोन-तीन वाक्ये, जी सर्वांत कष्टाची असतात. पावणीची रक्कम वाढत गेली आणि बांधावरील खर्च तेवढाच राहिला, असे हिशेबांत आढळले, तर ‘यावरून सर्व स्पष्ट होते’ एवढे लिहून थांबू नये. उत्पन्न वाढत असल्याने पैशांची टंचाई हे कारण येथे पुरेसे ठरत नाही, असे लिहावे; पैसे का खर्च झाले नाहीत हे हिशेब सांगत नाहीत, त्यासाठी संघटनेची इतिवृत्ते पाहावी लागतील, हेही त्याच परिच्छेदात नोंदवावे.

विरुद्ध पुरावा आढळला, तर तो तळटीपेत दडवू नये. शेजारच्या गावात तशीच पावणी असूनही बांध शाबूत असेल, तर तिथे वेगळे काय होते हे तपासावे आणि त्यानुसार दाव्याला अट जोडावी.

शेवटी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून ती वाक्ये सलग वाचावीत. ज्या वाक्याची सुरुवात लेखकाच्या नावाने होते, तिथे बहुधा आपला दावा हरवलेला असतो. तो परिच्छेद आपल्या विधानाने सुरू करून लेखकाचे नाव पुराव्याच्या जागी न्यावे. ज्या परिच्छेदाचा मुख्य दाव्याशी संबंध एका वाक्यात सांगता येत नाही, तो कितीही मेहनतीने लिहिलेला असला तरी प्रकरणातून काढून ठेवावा.