आयर्न तापवण्याआधी : आरसी गाडीच्या दिव्यांची तयारी

जळगावात मे महिन्यात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी चालवायची वेळ एकच, दिवेलागणीनंतरची. दुपारी पारा ४४-४५ वर गेला की मोटर पाच मिनिटांत हात लावू देत नाही आणि चालवणारा त्याच्याही आधी सावली शोधतो. साडेसातनंतर कॉलनीतलं मोकळं मैदान जरा निवतं, पण तेव्हा काळ्या मातीवरची काळी गाडी वीस पावलं लांब गेली की तिचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे कळत नाही. गाडी तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागली की स्टीअरिंगचं डावं-उजवं उलटं होतं, आणि ठोकर तिथंच बसते. म्हणून दिवे. पुढे दोन पांढरे, मागे दोन लाल, बस. इंडिकेटर, निळ्या पट्ट्या वगैरे सणासुदीचा थाट नंतर बघू.

ही तयारी १/१० मापाच्या, क्लिपा काढल्या की बॉडी हातात येते अशा गाडीसाठी आहे. सोल्डरिंगचं, म्हणजे वायरींना वितळलेल्या धातूचे टाके घालायचं काम तासाभराचं. पण सोल्डरिंग आयर्न तापल्यावर टाक्यावर चढवायची स्लीव्ह कुठं ठेवली, रेझिस्टन्स कोणता, वायर पुरेल का, असं सुरू झालं की त्या तासाचे चार होतात. त्यामुळे आधी कागद, मग बाजार, मग टेबल, आणि आयर्न सगळ्यात शेवटी.

कागदाच्याही आधी मल्टिमीटर काढा. मोटरला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो, पण रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारी डबी) आणि सर्व्होला (चाकं वळवणारी मोटर) ईएससीमधला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला, बीईसी नावाचा भाग तो उतरवून देतो. बहुतेक ठिकाणी तो ५ किंवा ६ व्होल्ट असतो, काही ईएससींत ७.४ पर्यंत चढवता येतो. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, सैल करा किंवा चाकं हवेत राहतील अशी गाडी डब्यावर ठेवा, चालू करा, आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मधली पिन धन, कडेची ऋण धरून मोजा. जो आकडा येईल तो कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

थेट बॅटरीवर दिवे लावायचा मोह होतो, कारण तिथं वायरी मोकळ्या दिसतात. टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलांची लिथियम बॅटरी, भरली की ८.४ व्होल्ट आणि उतरत उतरत ७ च्या आसपास. भरलेली असताना झगझगीत आणि शेवटच्या फेऱ्यांना मिणमिणते, असे दिवे काय कामाचे? शिवाय ईएससीने मोटर बंद केली तरी बॅटरीला चिकटलेले दिवे वीज पीतच राहतात. रात्रभर विसरलात तर सेल ३ व्होल्टच्या खाली जातो आणि शेकड्यात किंवा हजारात घेतलेली बॅटरी काही रुपयांच्या दिव्यांपायी जाते. बीईसीचा व्होल्टेज मात्र एका जागी ठाम असतो.

आता बाजार. गोलाणी मार्केटात एक चक्कर मारा, किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला जिथून माल घेतो त्या दुकानात जा. ‘गाडीला लावायचे एलईडी’ म्हणालात तर समोर १२ व्होल्टचं बाइक सजवायचं सामान येतं. त्यात १२ व्होल्टच्या हिशोबाचा रेझिस्टन्स आधीच बसवलेला असतो. आपल्या ५ व्होल्टवर ते पेटणारच नाहीत किंवा काजव्यासारखे दिसतील. सुटे, दोन पायांचे एलईडी मागा: पुढच्यासाठी ५ मिलिमीटरचे पांढरे, मागच्यासाठी ३ मिलिमीटरचे लाल. चार हवेत तर आठ घ्या. पाय वाकवताना एखादा तुटतोच.

पांढऱ्याला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, लालला २. हा फरक का, हे एकदा कळलं की विसरत नाही. पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. निळ्या चकतीवर पिवळसर फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा दिसेल असा केलेला असतो. निळ्या प्रकाशकणाला लालपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून व्होल्टेजही जास्त. (लाल एलईडी १९६२ मध्येच आला, चांगला उजेड देणारा निळा यायला पुढची तीस वर्षं लागली आणि त्या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण तो चिल्लर देऊन घेतो.)

रेझिस्टन्सशिवाय एलईडी जोडू नका. मी जोडला होता, पहिलाच, थेट टू-एसवर. फट् असा बारीक आवाज, निळसर झगमग, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. एलईडीला एकदा त्याचा व्होल्टेज मिळाला की पुढे तो करंट आवरत नाही, मिळेल तेवढा ओढतो. त्याला आवरायचं काम रेझिस्टन्सचं. २० मिलिअँपिअर ही साध्या एलईडीची वरची हद्द; १५ वर ठेवा, डोळ्याला फरक जाणवत नाही.

हिशोब सोपा आहे. बीईसी ५ व्होल्ट, त्यातून पांढऱ्याचे ३.२ गेले, उरले १.८. त्याला ०.०१५ ने भागा, १२० ओम. मागचे दोन लाल एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडा: ४ व्होल्ट त्यांनी खाल्ले, उरला १. तिथंही १२० च लावा, ८ मिलिअँपिअर मिळतील, आणि मागचे दिवे मंदच बरे दिसतात. म्हणजे एकाच मापाचे तीन रेझिस्टन्स, पाव वॉटचे. बीईसी ६ व्होल्टचा निघाला तर तिन्ही ठिकाणी १८० ओम. पांढऱ्यांना पंधरा-सोळा, लालना ११ मिळतात. दोन पांढरे मात्र सिरीजमध्ये जोडू नका, ६.४ व्होल्ट ना पाचात बसतात ना सहात. आणि दोघांना मिळून एकच रेझिस्टन्सही नको. जो एलईडी जरा हलक्या व्होल्टेजला पेटतो तो दुसऱ्याचाही वाटा ओढतो, मग एक डोळा मोठा आणि एक बारीक.

रेझिस्टन्स घेतल्यावर दुकानातच पट्ट्या बघा. १२० ओम म्हणजे तपकिरी, लाल, तपकिरी, सोनेरी. १२०० ओम म्हणजे तपकिरी, लाल, लाल, सोनेरी. दुकानातल्या पिवळ्या उजेडात तिसरी पट्टी तपकिरी की लाल, हे भल्याभल्यांना दिसत नाही. मला एकदा पुडीभर १२०० आले आणि मी दोन दिवस सोल्डरिंगला दोष देत बसलो. मल्टिमीटरची टोकं लावा, विषय संपला.

आता खरी गोष्ट: रेझिस्टन्स बसवायचा कुठं? चित्रांत तो एलईडीच्या पायालाच चिकटवलेला दिसतो, आणि वीज कशी वाहते एवढंच बघितलं तर कुठंही बसवला तरी चालतं. मीही तसंच केलं होतं. मग एका संध्याकाळी, गाडी चांगली पळत असताना, बॉडीच्या आतली धन वायर घासून उघडी पडली आणि ऋणला टेकली. बीईसीच शॉर्ट झाला, रिसीव्हर मेला, मोटरचा जोर गेला, आणि ना स्टीअरिंग ना ब्रेक अशी गाडी तिच्या वेगाने सरळ गटारात. घरी आणल्यावर आईने एकदा चिखलाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पाणी पाजाले लई गयथा का तिले?” (पाणी पाजायला नेलं होतंस का तिला?)

तेव्हापासून माझे तिन्ही रेझिस्टन्स चॅसिसवर, रिसीव्हरच्या अगदी जवळ, धन बाजूला असतात. तिथून पुढे वायर कुठंही शॉर्ट झाली तरी १२० ओममधून ५ व्होल्टवर ४२ मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. दिवा विझतो, गाडी हातात राहते. याची किंमत एवढीच की बॉडीकडे तीन वेगळ्या धन वायरी आणि एक सामाईक ऋण, अशा चार न्याव्या लागतात. म्हणजे कनेक्टर चार पिनांचा हवा. सोल्डरिंग चार टाक्यांनी वाढतं, ते वाढू दे.

कनेक्टर लागतोच, कारण बॅटरी बदलायला बॉडी दर वेळी निघणार. वायर तशीच जोडून ठेवली तर अंधारात कुणीतरी बॉडी उचलतो आणि सगळे टाके एका झटक्यात हातात येतात. जेएसटीचा चार पिनांचा छोटा जोड घ्या. तुमच्याकडे थ्री-एस (तीन सेलांच्या) बॅटऱ्या असतील तर त्यांच्या चार्जिंगच्या बॅलन्स वायरला असतो तो चार पिनांचा एक्सएच प्रकारचा जोड टाळा. एखाद्या रात्री दिव्यांची वायर बॅटरीत खुपसली जाईल. चॅसिसच्या बाजूला, म्हणजे जिथं वीज आहे तिथं, पिना उघड्या दिसत नाहीत ते टोक लावा. उघड्या पिना बॉडीकडे. बॉडी उलटी करून शेजारी ठेवता येईल एवढी, वीतभर तरी वायर मोकळी सोडा आणि तिचं वेटोळं मागच्या बॉडी पोस्टला (बॉडी जिच्यावर बसते ती खुंटी) बांधा, स्पर गिअरपासून (मोटर फिरवते ते मोठं दातेरी चाक) आणि चाकांपासून लांब.

वायर बारीक पण अनेक तारांची हवी, सिलिकॉनची असेल तर उत्तम. घरात पडलेली लॅन केबल अनेकदा एकाच जाड तारेची असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती टाक्यापाशी मोडते. जुन्या इअरफोनच्या वायरीवर लाखेचं आवरण असतं, ते खरवडता खरवडता तार तुटते. जुन्या सर्व्होची वायर सगळ्यात छान. लांबी अंदाजाने घेऊ नका. बॉडी उलटी धरा, सुतळी जिथून वायर जाणार तिथून फिरवा, आणि त्याच्यावर चार बोटं जास्त कापा. रिसीव्हरच्या अँटेनाजवळून वायर नेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं उघडं टोक फक्त तीन सेंटिमीटरचं असतं. त्यालाच दिव्याची वायर गुंडाळून ठेवली तर रेंज कमी होते आणि दोष रिमोटवर जातो.

रिसीव्हरकडे जाणाऱ्या वायरीचे रंग लिहून ठेवा: तपकिरी किंवा काळी ऋण, लाल धन, नारिंगी किंवा पांढरी सिग्नलची. आपल्याला सिग्नल नको, ती तार जोडातून काढून टाका. असे दिवे गाडी चालू आहे तोवर लागलेले राहतात. रिमोटच्या बटणावर हवे असतील किंवा ब्रेकला लाल भडकायला हवा असेल तर थ्रॉटल (वेगाच्या) चॅनेलवर वाय-वायरने, म्हणजे एकाची दोन टोकं करणाऱ्या वायरने, लागणारे तयार कंट्रोलर मिळतात. ते पुढच्या गाडीसाठी ठेवा.

बॉडी पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून दिलेला असतो, म्हणून कामही आतूनच. भोकं ड्रिलने एकदम मोठी करू नका, चिरा जातात. बारीक भोक पाडून रीमरने (भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार) हळूहळू मोठं करा, आणि दर दोन फेऱ्यांनी एलईडी घालून बघा. दोन थेंबांत चिकटतो म्हणून सुपरग्लू वापराल तर त्याच्या वाफेने आजूबाजूचं प्लास्टिक धुरकट होतं. ग्लू गन चालते, पण कमी तापलेली, आणि गाडी गच्चीवर उन्हात ठेवायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्या बॉडीवरचा ग्लू तासाभरात मऊ पडतो आणि हेडलाइट आकाश बघायला लागतात. एलईडीच्या मागच्या बाजूला काळा रंग किंवा काळी टेप लावा, नाहीतर बॉनेट आतून कंदिलासारखं उजळतं.

एलईडीचे पाय वाकवण्याआधी सगळे आठ एकदा पेटवून बघा. वजनकाट्यातला ३ व्होल्टचा बटण सेल घ्या, त्याच्या दोन अंगांना दोन पाय टेकवा. लांब पाय धनला. लाल छान पेटतो, पांढरा मंद पेटतो, कळायला तेवढं पुरे. पाय कापल्यावर लांब-आखूड कळत नाही, तेव्हा कडेला चपटी बाजू शोधा, ती ऋण. मी कापण्याआधीच धन पायाला लाल मार्करचा ठिपका देतो.

टेबलावर मांडायचं: २५ वॉटचं आयर्न आणि त्याचं स्टँड, ६०/४० सोल्डर, पेस्ट, ओला स्पंज, निप्पर, हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी स्लीव्ह), लायटर, कागदावरचं चित्र. हीट श्रिंकचे तुकडे आधीच कापून प्रत्येक वायरीवर ओवून ठेवा, टाक्यापासून लांब सरकवून. टाका छान बसल्यावर ‘अरे, स्लीव्ह!’ असं म्हणायची वेळ माझ्यावर अजूनही येते आणि मग तो चकचकीत टाका परत वितळवावा लागतो.

वेळ पहाटेची धरा, सहा ते आठ. कूलरसमोर बसून सोल्डरिंग होत नाही. वाऱ्याने टोक थंड पडतं आणि टाका भुरकट, खडबडीत येतो. पंखाही बंदच. त्यामुळे आठनंतर खोलीत बसवत नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय केळीच्या वेफर्सच्या पुडीत घालू नका. ती पुडी टेबलावर नसलेलीच बरी. वेफरचं तेल टाक्यावर लागलं की सोल्डर पसरत नाही.

सगळं जोडून झालं की बॉडी बसवण्याआधी दिवे चालू करून चाकं डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा आणि वायरी बोटांनी हलवून बघा. कुठला दिवा लुकलुकला तर तो टाका परत. नाही लुकलुकला तर बॅटरी चार्जिंगला लावा, संध्याकाळी साडेसातला मैदान आहेच.