कागदपत्रांअभावी मेडिक्लेम नाकारला गेल्यास काय करावे?

इंदूरमधील अनेक मराठी घरांत मुले पुण्याला किंवा बंगळुरूला आणि आईवडील येथे अशी स्थिती असते, त्यामुळे क्लेमचे कागद जमविण्याचे काम ज्येष्ठांवर येते. ‘कागदपत्रे अपूर्ण’ असे पत्र हाती पडले की पैसे बुडाले असे धरून पुष्कळजण गप्प बसतात. तसे करू नये. आजार पॉलिसीत बसत नाही असे त्या पत्राने ठरत नाही. पुरावा पोहोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रथम पत्र नीट वाचून क्लेम बंद केला आहे की नाकारला आहे, ते पाहावे. बंद केला असेल तर राहिलेला कागद जोडून तो पुन्हा उघडण्याची लेखी विनंती करता येते. पत्रात मोघम भाषा असल्यास नेमका कोणता कागद हवा आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार, हे ईमेलने विचारावे. फोनवरील आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

बहुतेक वेळा अडते ते इनडोअर केस पेपरवर, म्हणजे डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट आणि औषधांचा तक्ता यांवर. घरी सोडताना मिळणारी डिस्चार्ज समरी म्हणजेच सर्व काही, हा समज चुकीचा आहे. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आयपीडी (म्हणजे रुग्णालयात भरती झाल्याचा) क्रमांक व तारखा लिहून हिंदीत अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर ‘प्राप्त’ असा शिक्का घ्यावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, याचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बिलावर लेन्सची किंमत असते, पण लेन्सच्या डबीवरील स्टिकर फाईलला चिकटवलेले नसते. तेवढ्यावरून क्लेम अडतो. नावाचा घोळही आपल्याकडे फार होतो: पॉलिसीत पतीच्या नावासह पूर्ण नाव आणि रुग्णालयात केवळ नाव व आडनाव. अशा वेळी रुग्णालयाकडून सही-शिक्क्याचे दुरुस्तीपत्र घ्यावे. केस पेपरात ‘मधुमेह अनेक वर्षांपासून’ असे कुणी घाईत लिहिले असेल आणि ते खरे नसेल, तर पहिले निदान केव्हा झाले याचे प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मिळवावे. अपघात असल्यास एमएलसीची, म्हणजे रुग्णालयाने केलेल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची, प्रत लागते.

आता मुख्य मुद्दा. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २९ मे २०२४च्या परिपत्रकानुसार आवश्यक कागद रुग्णालयाकडून गोळा करण्याची जबाबदारी विमा कंपनीची आणि टीपीएची (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) आहे, तसेच कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना या दोन्ही गोष्टी मांडाव्यात आणि समितीच्या मान्यतेचा तपशील मागावा. मात्र कागद स्वतः मिळवणे शक्य असेल तर ते मिळवावेतच; नियमावर बोट ठेवून बसल्याने वेळ जातो.

महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर पटत नसल्यास भोपाळच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. मध्य प्रदेश त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतो. दाव्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असावी आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हावी. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि सुनावणी व्हिडिओद्वारेही होऊ शकते, त्यामुळे ज्येष्ठांना प्रवास करावाच लागेल असे नाही.