‘घ’ शिकवलात? मग ‘ध’ला जरा थांबा

डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अक्षरं ओळखायला जड जाणं) असलेल्या पोराला ‘घ’ झाल्या झाल्या ‘ध’ शिकवू नका. गल्लत तिथंच होते. म-भ आणि य-थ यांचंही तसंच. एक अक्षर पक्कं होऊ दे, मध्ये आठ-पंधरा दिवस जाऊ देत, मग दुसरं घ्या. तेव्हा एकच खूण दाखवा: ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते, घ, म, य यांची सलग जाते. परातीत रवा पसरून बोटानं गिरवायला लावा, आणि गिरवताना तोंडानं आवाज हवाच. मुकाट्यानं वहीभर गिरवणं म्हणजे नुसती हमाली.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. ‘बिंदू चौक’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण बोलताना ‘ब’ आधी येतो. पोरगं अडखळणारच की! वेलांटी लाल खडूनं काढा, बोट आधी ‘ब’वर ठेवायला सांगा. एकूण वाचनाच्या सरावाला केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसच्या, पाट्या झकास: ‘शिवाजी पेठ’, ‘रंकाळा’, ‘गंगावेश’. दिवसाला एकच, तीही बस येईपर्यंत. आणि वर्गात सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावू नका, एवढं बाईंना आधीच सांगून ठेवा.