लांबच्या प्रवासाला जुनी बुलेट काढताय? या चुका टाळा

हे सगळं कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० स्टँडर्डबद्दल आहे. म्हणजे ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, पॉइंट-कॉन्डेन्सर (ठिणगी वेळेवर पाडणारी जुनी यांत्रिक जोडी) आणि उजव्या पायाखाली चार गिअर, एक वर नि तीन खाली. २०१०च्या सुमारास ही इंजिनं बंद झाली आणि यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन, आलं. आज अडचण अशी की नवीन मालक यूसीईचे व्हिडिओ बघतो आणि सीआय, म्हणजे कास्ट आयर्न, गाडीला पाना लावतो. यूसीईचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पुशरॉड ढकलणारे भाग) हायड्रॉलिक असतात, त्यांना हात लावायचा नसतो. सीआयचे टॅपेट मात्र तीन हजार किलोमीटरला बघितलेच पाहिजेत. नाव एकच असलं तरी आतलं यंत्र वेगळं आहे.

गॅस्केट पेस्टचा थर

बुलेट ऑइल गाळते म्हणून लोक हैराण होतात. मग कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब आणून देतं आणि टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूच्या झाकणाच्या, कडेला चांगला जाड थर बसतो. बाहेरून एकदम कोरडं दिसतं. पण कव्हर आवळलं की पेस्ट जेवढी बाहेर येते तेवढीच आतही दाबली जाते, आणि याच जॉइंटमधून ऑइलच्या वाटा जातात.

नव्वदच्या दशकातल्या एका स्टँडर्डचं असंच झालं. पुण्याहून सावंतवाडीला जायचं ठरलेलं, आणि निघायच्या आदल्या रात्री मालकाने घरीच टायमिंग कव्हर उघडून भरपूर पेस्ट लावून बसवलं. फिल्टरही बदलला. इंजिन चालू करून त्याने हेडवरच्या रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याच्या) ऑइल पाइपचा बोल्ट सैल केला, तिथे ऑइल आलेलं बघितलं आणि झोपायला गेला. सकाळी खंबाटकीचा चढ संपायच्या आत खालून ठोका ऐकू यायला लागला. त्याला वाटलं टॅपेट वाजताहेत. तसाच साताऱ्यापर्यंत रेटला. इंजिन उघडलं तेव्हा बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकपिनवर फिरतो त्या जोडाचा) बुश निळा पडलेला होता आणि क्रँकपिनवर चरे होते. कव्हरमधल्या ऑइलच्या भोकात वाळलेल्या सिलिकॉनचा शेवयीएवढा तुकडा अडकलेला.

या इंजिनात ऑइलचे पंप दोन असतात. फीड पंप ऑइलच्या टाकीतलं ऑइल फिल्टरमधून बिग एंडला पाठवतो. रिटर्न पंप क्रँककेसमध्ये साचलेलं ऑइल उचलतो आणि रॉकरवरून परत टाकीत आणतो. म्हणजे रॉकरला ऑइल दिसलं तर एवढंच कळतं की रिटर्न पंप चालतोय. बिग एंडला ऑइल पोचतंय की नाही ते तिथे कळतच नाही, आणि तरी निम्मे लोक तिथेच बघतात.

बघायची जागा टायमिंग कव्हरवर आहे, क्रँकच्या टोकासमोरचा मोठा प्लग. फिल्टर बदलला किंवा कव्हर उघडलं की स्पार्क प्लग काढायचा, इग्निशन बंद ठेवायचं, हा प्लग थोडा सैल करायचा आणि किक मारत राहायचं. फिल्टरची पोकळी रिकामी असते, ती भरेपर्यंत पुढे थेंबही जात नाही. पन्नास-साठ किका लागल्या तरी मारायच्या. प्लगच्या आट्यातून बुडबुडे संपून नुसतं ऑइल आलं की आवळायचं. मग इंजिन चालू करून मंद गतीवर पुन्हा एकदा सैल करून बघायचं. पाय दुखतो म्हणून पाच किकांत उरकणाऱ्याने लेथवाल्याचा नंबर जवळ ठेवावा.

कव्हर बसवताना दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलने स्वच्छ पुसा, कागदी गॅस्केट नवीन घ्या आणि ऑइलची भोकं गॅस्केटच्या भोकांशी जुळतात का ते हाताने धरून बघा. स्वस्त गॅस्केटात एखादं भोक कापलेलंच नसतं. पेस्ट लावायचीच असेल तर बोटाने पुसल्यासारखी, आणि भोकांच्या भोवती अजिबात नाही. क्रँकच्या टोकाशी असणारा छोटा सील जुनाच परत घालू नका. तो दबत नसेल तर बिग एंडचं ऑइल तिथूनच बाजूला निसटतं.

आणि हे सगळं करण्याआधी ब्रीदर बघा. क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी ही नळी किंवा तिच्या टोकाचं रबर कडक झालं, चिखलाने बुजलं, की दाब मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. काही रुपयांच्या रबरासाठी अख्खं इंजिन सिलिकॉनने लिंपून काढलेल्या गाड्या रोज दिसतात.

ऑइलची कांडी थंड इंजिनावर बघणं

गाडी पंधरा दिवस उभी होती. मालक कांडी काढतो, ऑइल तळाला दिसतं, अर्धा लिटर ओततो. चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ब्रीदरमधून ऑइल. लगेच निदान होतं, ‘रिंगा गेल्या’. रिंगांना काहीही झालेलं नसतं. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल फीड पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. कांडीला ते दिसत नाही, पण असतं इंजिनातच. एकूण मावतं सव्वादोन लिटर, त्यात वरून अर्धा लिटर घातल्यावर ते जाणार कुठे?

आधी इंजिन पाच-सात मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग कांडी बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर चालू करण्याआधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट उघडून साचलेलं काढून टाका. ऑइलच्या टाकीचा ड्रेन बोल्ट वेगळा आहे, घाईत तोच उघडतात. २०डब्ल्यू५० ऑइल, अडीच ते तीन हजार किलोमीटरला बदल. महागडं सिंथेटिक या इंजिनात घालून काय मिळतं ते घालणाऱ्यांनाच विचारा.

टॅपेट गरम इंजिनावर लावणं

प्रवासात चहाला थांबल्यावर कुणीतरी ‘आवाज येतोय’ म्हणतं आणि तिथेच टॅपेटचं झाकण उघडलं जातं. टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे, रात्रभर उभ्या असलेल्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा. प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवेचा दाब जाणवला की तोच स्ट्रोक. चुकून एक्झॉस्टच्या स्ट्रोकवर लावले तर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि मापच खोटं येतं. पुशरॉड (टॅपेटवरून वर रॉकरला ढकलणारा दांडा) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फिलर गेज इथे लागत नाही.

नवशिके आवाज घालवायला आवळतात. आवाज जातो, आणि काही शे किलोमीटरमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळते. सीआय इंजिन थोडं टकटकतंच. शंका असेल तर सैल बाजूला ठेवा. झाकणाचा एकच नट असतो, तो जोर लावून आवळला की झाकण वाकतं आणि मग कायम गळतं.

पॉइंट, टायमिंग आणि उलटी किक

किक उलटी मारते अशी तक्रार आली की बहुतेक वेळा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे गेलेलं असतं, किंवा किक मारणाऱ्याला पिस्टन कुठे आहे याचा पत्ता नसतो. बऱ्याचदा दोन्ही.

आधी पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी, आणि तो फिलर गेजने. व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावणारे मेकॅनिक आहेत, गाडी चालतेही, पण घाटात कशी ओढते ते विचारू नये. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून टायमिंग नेहमी नंतर. पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना, ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मिटलेला ठेवून, पॉइंट नुकता उघडायला हवा. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढत राहा. सुटला तो क्षण म्हणजे उघडला. पॉइंटच्या कॅमला घासणाऱ्या टाचेला ग्रीसचा टिपका द्या, नाहीतर टाच झिजून हजार किलोमीटरमध्ये गॅप मिटतो. पॉइंटवर निळी ठिणगी उडत असेल, तोंडं काळी पडत असतील तर कॉन्डेन्सर बदला. पॉइंट घासत बसू नका.

किक मारताना अँपमीटरकडे बघा, ती सुई त्यासाठीच कामाची आहे. चावी चालू करून किक हळू दाबत न्या. पॉइंट मिटलेले असताना सुई डावीकडे झुकते, उघडले की मध्ये येते. मध्ये आली की थांबा. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण दणका, पाय शेवटपर्यंत नेऊन. ॲक्सिलरेटर पिळायचा नाही. अर्धवट दहा किका मारणारा माणूस घोटा तरी दुखावतो नाहीतर किकचे दाते तरी घालवतो. आणि गाडी बंद असताना चावी चालू ठेवून फोटो काढायला जाऊ नका. पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते.

पेट्रोलच्या भानगडी

गाडी पंचवीस-तीस किलोमीटर छान चालते, मग गुदमरून बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा चालू. कॉइल बदलली, प्लग बदलला, कार्ब्युरेटर तीनदा उघडला, फरक नाही. अशा वेळी आधी टँक बॅग उचला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बॅगखाली दबलेलं असतं, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला की आजार सापडला.

दुसरं म्हणजे आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप, कॉकचे वॉशर आणि फ्लोटचे सील यासाठी बनलेले नव्हते. पाइप फुगतो, मऊ होतो, क्लिपपाशी चिरतो. वर्षातून एकदा बदलून टाका. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करायचा आणि टाकी काठोकाठ भरून ठेवायची. अर्धी टाकी ठेवली की वरच्या पत्र्याला आतून गंज धरतो आणि ऑक्टोबरमध्ये तोच गंज पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, सापडतो. मिकार्ब कार्ब्युरेटरचा पायलट जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. हवेने फुंका. प्लग पांढराफटक दिसत असेल तर मिश्रण पातळ आहे. मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग विटकरी येतो का बघा.

बाकीच्या, थोडक्यात

क्लच घसरतो म्हणून प्लेटा बदलण्याआधी प्रायमरी केसमधलं (डाव्या बाजूच्या, क्लच असलेल्या कव्हरमधलं) ऑइल मोजा. सुमारे ४२० मिली पुरे. जास्त भरलं की क्लच घसरणारच. केसचा मधला नट माणसाच्या ताकदीने आवळा, पाइप घालून नाही.

मागची चेन २५ ते ३० मिमी सैल हवी, आणि तीही चाक फिरवून सगळ्यात घट्ट सापडेल त्या जागी मोजलेली. दोन्ही बाजूंच्या गोगलगाय कॅमची (चेन ताणणाऱ्या चकतीची) खाच सारखीच. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला.

चाक काढून बसवल्यावर ब्रेक प्लेटच्या अँकरचा नट आवळलाय ना ते बघा. याच्याबद्दल आणखी लिहायची गरज पडू नये.

आंबोली किंवा वरंधा उतरताना नुसत्या ड्रम ब्रेकवर गाडी सोडू नका. तिसरा, गरज पडली तर दुसरा गिअर. ज्या गिअरमध्ये चढली असती त्यातच उतरवा. तापलेला ड्रम ब्रेक आधी सांगत नाही, नुसता लिव्हर आत जातो.

रिबोअर केलेलं (सिलिंडर नव्याने कापलेलं) इंजिन घेऊन आठवड्याभरात गोव्याला जाणारे दरवर्षी कागलच्या आसपास टोइंगची चौकशी करत असतात. पहिले पाचशे किलोमीटर ५०च्या खाली, तेही एकाच वेगाने नाही. नंतरही या इंजिनाची जागा ६० ते ७०. सहापदरी रस्ता मिळाला म्हणून तासभर ९५वर ताणलं तर पिस्टन जॅम होतो. पण टॉप गिअरला ३०वर रेटणंही तितकंच वाईट, बिग एंडचा बुश त्यानेच झिजतो.

सामान मागच्या ॲक्सलच्या मागे लादू नका, पुढचं चाक हलकं पडून हँडल डुलतं.

कागद: १५ वर्षांनंतरची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरलेला आहे का ते निघायच्या महिनाभर आधी बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी नंबर प्लेटही लागते.

सोबत काय घ्यायचं: पॉइंट सेट, कॉन्डेन्सर, प्लग, चेन लॉक, १९ इंचाची ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, फिलर गेज, अर्धा लिटर ऑइल. कॉन्डेन्सर डबीबंद नवा नेऊ नका. घरी बसवून आठवडाभर चालवलेला न्या, कारण बाजारात निम्मे डबीतूनच मेलेले निघतात. क्लचची जादा केबल चालू केबलच्या शेजारूनच टाकून, दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवा. तुटली की नुसती टोकं बदलायची, टाकी काढायची गरज नाही.