संग्रहालयाच्या पुरस्कारासाठी अर्ज कसा करावा: खानदेशातल्या संस्थांसाठी

पहिल्या फेरीत परीक्षक तुमच्या दालनात पाऊल टाकत नाही, त्याच्या हातात फक्त अर्ज असतो. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचं गांधीतीर्थ, चाळीसगावचं केकी मूस यांचं कलादालन असं खानदेशात दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. पण संग्रह दुर्मीळ आहे म्हणून पुरस्कार मिळत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही नेमकं काय केलंत, कोणासाठी केलंत आणि त्यानं काय बदललं, हे दाखवता आलं तर मिळतो. म्हणून अर्जाची तयारी जाहिरात निघाल्यावर नाही, उपक्रम सुरू होतो त्या दिवशी सुरू करायची.

आधी पुरस्कार कशासाठी आहे ते नीट वाचा. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार २००० सालापासून दिले जातात. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला २०२२ मध्ये तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला, पण तो इमारतीच्या जतनासाठी, आतल्या मांडणीसाठी नाही. वास्तू ५० वर्षांहून जुनी असावी, काम गेल्या १० वर्षांत पुरं झालेलं असावं आणि त्यानंतर ती किमान वर्षभर वापरात असावी, अशा तिथल्या अटी राहिल्या आहेत. जुन्या वाड्यात किंवा शाळेच्या दगडी इमारतीत संग्रहालय थाटलं असेल तर हा रस्ता तुमचा. शाळकरी मुलांसाठी शिक्षणाचा उपक्रम केला असेल तर आयकॉम या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या सेका या शिक्षणविषयक समितीचा उत्कृष्ट उपक्रम पुरस्कार बघा. तिथे नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशा तिन्ही अंगांनी प्रश्न असतात. १९७७ पासूनचा युरोपियन म्युझियम ऑफ द इयर किंवा ब्रिटनचा आर्ट फंड पुरस्कार आपल्यासाठी खुला नाही, पण तिथल्या विजेत्यांची माहिती वाचून परीक्षक काय शोधतात ते कळतं. आणि ‘तुमची निवड झाली आहे, फक्त ट्रॉफीचा खर्च भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. प्रवेश शुल्क असलंच तर ते अर्जाच्या वेळीच घेतलं जातं. निवडीनंतर पैसे मागणारा पुरस्कार विकत मिळतो.

सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात ते पुराव्यावर. बहुतेक ठिकाणी अभिप्राय वहीत नाव, गाव आणि ‘खूप छान’ एवढंच असतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वहीत रकाने पाडा: तारीख, गाव, गटात किती जण, मुलं किती, पहिल्यांदा आलात की पुन्हा, कोणाकडून कळलं. दर महिन्याच्या शेवटी बेरीज करून त्याच पानावर सही करा. वर्षअखेरीला एकदम बेरीज करायला बसलात तर पाऊस-पाण्यात भिजलेली, फाटलेली पानं हटकून निघतात.

आकड्यांची तुलना करताना खानदेशचा हंगाम ध्यानात घ्या. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडतात. मेशी जुलैची तुलना करून ‘प्रेक्षक तिप्पट झाले’ लिहिलं की जाणता परीक्षक तिथेच थांबतो. यंदाचा जुलै गेल्या जुलैशी ताडून बघा. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, म्हणून ते दोन महिने एकत्र धरा. सारंगखेड्याच्या यात्रेमुळे गर्दी वाढत असेल तर तेही नमूद करा, कारण ती दत्तजयंतीला भरते आणि दत्तजयंती तिथीनुसार सरकते.

मुलं काय शिकली हे दाखवायचं असेल तर ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळी ‘हो’च म्हणतात. दालनात शिरण्याआधी तीन प्रश्न आणि बाहेर पडताना तेच तीन प्रश्न, तोंडी किंवा चिठ्ठीवर. उदाहरणार्थ, १९५५ मध्ये तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे उत्खनन झालं, त्याबद्दल विचारा: ‘खालच्या थरातलं खापर वरच्यापेक्षा जुनं का धरतात?’ शंभर मुलांच्या दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. अर्जात एक टक्केवारी आणि एका चिठ्ठीचा फोटो पुरतो.

मजकूर लिहिताना विशेषणं गाळा. हे वाक्य बघा: ‘आमच्या संस्थेने आदिवासी संस्कृतीच्या संवर्धनात मोलाचे योगदान दिले.’ हे कोणीही, कुठेही लिहू शकतं. त्याऐवजी, आकडे नमुन्यादाखल घेऊन: ‘४० वस्तूंच्या पाट्या मराठी आणि पावरा आदिवासींच्या पावरी भाषेत केल्या. पावरी मजकूर धडगाव परिसरातल्या सहा जाणत्या माणसांनी तपासला. त्यांनी ११ वस्तूंची नावं आमच्या नोंदवहीत चुकीची असल्याचं दाखवलं, ती बदलली.’ चुकीची कबुली लपवायची गरज नाही. समाजाचा सहभाग खरा होता याचा तोच भक्कम पुरावा आहे. पाचशे शब्दांची मर्यादा असेल तर गरज काय होती यावर ८०, काय केलं यावर १८०, काय साधलं यावर १८० आणि काय साधलं नाही यावर ६० शब्द, असा हिशेब बसवा. संस्थेचा इतिहास त्यातच दोन ओळींत उरका.

आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा. गावांची, वस्तूंची, अहिराणी शब्दांची इंग्रजी स्पेलिंगं एका कागदावर ठरवून घ्या, नाहीतर एकाच अर्जात प्रकाशे तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि परीक्षकाला ती तीन गावं वाटतात. मराठी मजकूर द्यायचा असेल तर युनिकोडमध्येच टाईप करा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पोर्टलवर चिकटवला की नुसती विचित्र चिन्हं उमटतात. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची तेही पाहा. अक्षरांची असेल तर बहुधा मोकळ्या जागाही मोजल्या जातात.

फोटोंसाठी काम सुरू होण्याआधीच जमिनीवर चिकटपट्टीनं खूण करा आणि आधीचा-नंतरचा फोटो त्याच खुणेवरून, त्याच उंचीवरून घ्या. काचेच्या कपाटावर चकाकी आली तर समोरचा दिवा बंद करून कॅमेरा थोडा तिरका धरा. रिकाम्या दालनापेक्षा वस्तू बघणारी माणसं दाखवा, पण मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती हवी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर त्याचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घ्या.

कागदपत्रांत सर्वात जास्त वेळ विश्वस्तांच्या ठरावाला लागतो, कारण त्यासाठी सभा बोलवावी लागते. दोन महिने हाताशी ठेवा. धर्मादाय नोंदणीचा दाखला, वास्तूचा मालक वेगळा असेल तर त्याचं संमतिपत्र, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागणाऱ्या वस्तूंचे दाखले एकाच फायलीत लावा. शिफारसपत्रं मुख्याध्यापकांकडून, सरपंचांकडून घ्या, पण एकच मसुदा सगळ्यांना सहीला देऊ नका; प्रत्येकानं स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिली पाहिजे. परदेशातून रोख बक्षीस येण्याची शक्यता असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागेल का, ते सीएला आधीच विचारा.

शुल्क परदेशी चलनात असेल तर बँकेत जाऊन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आठवडाभर आधी चालू करून घ्या. मुदत ब्रिटनच्या रात्री ११:५९ ची असेल तर आपल्याकडे हिवाळ्यात ती दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ ला संपते, उन्हाळ्यात ४:२९ ला. तरीही दोन दिवस आधीच अर्ज पाठवा, पोचपावतीची पीडीएफ उतरवून घ्या, आणि निवड झाली नाही तर आयोजकांना परीक्षकांचे अभिप्राय मागणारा मेल निकालाच्या आठवड्यातच करा.